राष्ट्रपतिपदाचे मतदान आणि आषाढी : सोलापूर जिल्ह्यातील अकरा आमदारांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर जिल्ह्यातील विधानसभेचे सर्व सन्माननीय सदस्य,
करमाळा, माढा, बार्शी, मोहोळ, सोलापूर शहर उत्तर, सोलापूर शहर मध्य, अक्कलकोट, सोलापूर दक्षिण, पंढरपूर, सांगोला आणि माळशिरस

विषय : जुलै २०२७ मधील राष्ट्रपतिपदाची निवडणूक

सन्माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांची पाच वर्षांची मुदत २४ जुलै २०२७ रोजी संपते. त्याआधी पुढच्या राष्ट्रपतींची निवड पूर्ण व्हायलाच हवी. या निवडणुकीत आम्हा सोलापूरकरांना थेट मत नाही. ते आमच्या वतीने आपण अकरा जण देणार आहात, म्हणून वेळ हातात असतानाच हे पत्र लिहीत आहोत. यातल्या काही गोष्टी आपल्याला ठाऊक असतील. पण २०१७ च्या निवडणुकीत ७७ मते बाद झाली आणि २०२२ मध्ये ५३, त्यांतली १५ तर खासदारांची. त्यामुळे ठाऊक असलेलेही पुन्हा सांगायला आम्हाला संकोच वाटत नाही.

आधी तारखेचे बोलू. मागच्या सहा निवडणुकांत मतदान कधी झाले ते पाहा : १९९७ ला १४ जुलै, २००२ ला १५ जुलै, २००७ आणि २०१२ ला १९ जुलै, २०१७ ला १७ जुलै, २०२२ ला १८ जुलै. म्हणजे दर वेळी १४ ते १९ जुलै याच सहा दिवसांत. आणि २०२७ मध्ये आषाढी एकादशी १४ जुलैच्या सुमारास, तर पौर्णिमा १८ जुलैच्या सुमारास येते आहे. माउलींची पालखी धर्मपुरीला आणि तुकोबांची अकलूजला जिल्ह्यात आल्यापासून पौर्णिमेच्या काल्यापर्यंत या जिल्ह्यातल्या लोकप्रतिनिधींना उसंत नसते. टँकर, रस्ते, आरोग्य पथके, वाखरीचे रिंगण, मुख्यमंत्र्यांची महापूजा, सगळे त्याच आठवड्यात. माळशिरस आणि पंढरपूरच्या सदस्यांना तर जागचे हलता येत नाही.

पण राष्ट्रपतिपदाचे मत विधान भवनात जाऊनच द्यावे लागते. मतदानाची वेळ सकाळी १० ते संध्याकाळी ५. आपल्या जागी दुसऱ्याला पाठवता येत नाही. टपाली मतदान आहे ते फक्त प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत असलेल्या सदस्यासाठी. दिल्लीत असाल तर संसद भवनात मत देता येते, पण त्यासाठी किमान दहा दिवस आधी निवडणूक आयोगाकडे अर्ज करून परवानगी घ्यावी लागते; ऐनवेळी तिथे जाऊन उपयोग नाही. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघून सकाळी मुंबई, मतदान, आणि त्याच रात्री परत, असा एक दिवस आणि दोन रात्रींचा हिशेब धरून ठेवावा लागेल.

ही तारीख मनाला येईल तशी पुढे ढकलता येत नाही, आणि का येत नाही हे समजून घेतले तर आपल्याला काय मागता येईल तेही दिसते. घटनेच्या कलम ६२ प्रमाणे मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पुरी झाली पाहिजे. राष्ट्रपती-उपराष्ट्रपती निवडणुकीच्या १९५२ च्या कायद्याने तिचे टप्पे बांधून दिले आहेत. मावळत्या राष्ट्रपतींची मुदत संपण्याच्या साठाव्या दिवसापासून पुढे केव्हाही अधिसूचना काढता येते; २०२७ साठी म्हणजे साधारण मेच्या शेवटच्या आठवड्यापासून. अधिसूचनेनंतरचा चौदावा दिवस अर्ज भरण्याचा शेवटचा. त्याच्या दुसऱ्या दिवशी छाननी. छाननीनंतर दोन दिवसांनी माघारीची मुदत संपते. तिथून पंधरावा दिवस उजाडण्याआधी मतदान घेता येत नाही. बेरीज केली तर अधिसूचना ते मतदान किमान ३२ दिवस. सुट्टी आडवी आली तर अर्जाची शेवटची तारीख एखादा दिवस सरकते आणि पुढची सगळी साखळी तिच्याबरोबर सरकते. २०२२ चे वेळापत्रक असे होते : १५ जूनला अधिसूचना, २९ जूनला अर्ज संपले, ३० जूनला छाननी, २ जुलैला माघार, १८ जुलैला मतदान, २१ जुलैला मोजणी, २५ जुलैला शपथ.

मतदान आणि मोजणी यांच्यात तीन दिवस का, हाही प्रश्न येतो. राज्याराज्यांतून सीलबंद मतपेट्या विमानाने दिल्लीला न्याव्या लागतात. पेटी सामानात टाकत नाहीत. तिच्या नावाचे स्वतंत्र तिकीट काढतात आणि ती अधिकाऱ्याच्या शेजारच्या आसनावर बसून जाते. ईशान्येकडच्या राज्यांतून जुलैच्या पावसात पेटी वेळेवर पोचायची तर दोन-तीन दिवस हातात लागतातच.

आता वरचे गणित आषाढीला लावून पाहा. अधिसूचना १ जूनला निघाली तर ३ जुलैला मतदान कायद्यात बसते, पालख्या तेव्हा वाटेवर असतात. किंवा १९ जुलैला, सोमवारी, मतदान ठेवले तर काला आटोपलेला असतो. २०१२ मध्ये १९ जुलैला मतदान, २२ ला मोजणी आणि २५ ला शपथ हे झालेलेच आहे. तेव्हा आपण अकरा जणांनी मिळून एप्रिल २०२७ अखेरपर्यंत निवडणूक आयोगाला एक पत्र द्यावे, अशी आमची पहिली मागणी आहे. पत्रात पर्यायी तारखा, वारीचे वेळापत्रक आणि जिल्ह्यातल्या मतदार सदस्यांची संख्या असावी. नुसती 'गैरसोय होते' अशी तक्रार केली तर तिचा विचार होणार नाही. देशभरातल्या विधानसभांसाठी एकच दिवस असतो, त्यामुळे आयोग मान्य करीलच असे नाही. पण अधिसूचना एकदा निघाली की सांगून काही उपयोग राहत नाही.

राष्ट्रपतींची शपथ २५ जुलैलाच असते, हे बहुतेकांना २६ जानेवारीसारखे घटनेत लिहिलेले वाटते. तसे नाही, ती तारीख कुठेही लिहिलेली नाही. घटनेने फक्त मुदत ठरवली : पद स्वीकारल्या दिवसापासून पाच वर्षे. १९५२ मध्ये राजेंद्रप्रसादांनी १३ मे रोजी शपथ घेतली, म्हणून १९५७, १९६२ आणि १९६७ मध्येही शपथ १३ मे रोजीच झाली. ३ मे १९६९ रोजी झाकीर हुसेन यांचे पदावर असताना निधन झाले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले, पण स्वतः उमेदवार व्हायचे म्हणून त्यांनी २० जुलैला राजीनामा दिला. मग सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी महिनाभर काम पाहिले. २४ ऑगस्टला गिरी निवडून येऊन पदावर बसले आणि तारीख २४ ऑगस्ट झाली. १९७४ मध्ये फक्रुद्दीन अली अहमद त्याच तारखेला आले. ११ फेब्रुवारी १९७७ रोजी त्यांचे निधन झाले. मृत्यू, राजीनामा किंवा पदच्युतीने जागा रिकामी झाली तर सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावी लागते, आणि निवडून येणाऱ्याला आधीच्या माणसाची उरलेली मुदत मिळत नाही, पूर्ण पाच वर्षे मिळतात. नीलम संजीव रेड्डी यांनी २५ जुलै १९७७ रोजी शपथ घेतली. त्यानंतरच्या प्रत्येक राष्ट्रपतींनी आपली मुदत पुरी केली, म्हणून तेव्हापासून २५ जुलै टिकून आहे. उद्या मध्येच जागा रिकामी झाली तर ही तारीखही बदलेल.

अमेरिकेत याच्या उलट आहे. तिथे तारीख पक्की असते, आपल्याकडे मुदत. नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी मतदान, हे तिथे १८४५ च्या कायद्याने ठरले. तेव्हा सुगी आटोपलेली असे, रविवार प्रार्थनेचा, आणि घोड्यावरून तालुक्याच्या गावी पोचायला सोमवार लागे. डिसेंबरात प्रत्येक राज्यातले निर्वाचक, म्हणजे अध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी, आपापल्या राज्यात जमून मते देतात. एकूण ५३८, जिंकायला २७० लागतात. ६ जानेवारीला तिथल्या संसदेत त्यांची मोजणी होते आणि २० जानेवारीला दुपारी १२ वाजता जुनी मुदत संपते. पूर्वी हा दिवस ४ मार्च होता. १८६० च्या नोव्हेंबरात लिंकन निवडून आले आणि ४ मार्च उजाडेपर्यंत सात राज्ये फुटून निघाली. १९३२-३३ च्या हिवाळ्यात बँका बुडत असताना निवडून आलेले रूझवेल्ट चार महिने नुसते थांबले होते. १९३३ च्या विसाव्या घटनादुरुस्तीने हे अंतर कमी केले आणि १९३७ पासून २० जानेवारी लागू झाली. १९६३ मध्ये केनेडी मारले गेले तरी त्यांची मुदत २० जानेवारी १९६५ लाच संपली, तोवर जॉन्सन यांनी ती पुरी केली. २० जानेवारीला रविवार आला तर तिथे त्या दिवशी खासगी शपथ होते आणि जाहीर सोहळा सोमवारी. २५ जुलै २०२७ लाही रविवार आहे. आपल्याकडे त्याने काही अडत नाही. १९८२ मध्ये झैलसिंग यांनी शपथ घेतली तो २५ जुलैही रविवारच होता.

या दोन पद्धतींत आम्हाला आपली अधिक पसंत आहे. निवडून येणे आणि पदावर बसणे यांत आपल्याकडे थोड्याच दिवसांचे अंतर राहते, आणि देश दोन माणसांमध्ये लोंबकळत राहत नाही.

काही जण विचारतात, एखादी विधानसभा बरखास्त असेल किंवा जागा रिकाम्या असतील तर निवडणूक थांबते का? थांबत नाही. १९७४ मध्ये गुजरातची विधानसभा बरखास्त होती. राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाला विचारले, आणि मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे असे न्यायालयाने सांगितले. उत्तराधिकारी येईपर्यंत जुने राष्ट्रपती पदावर राहतात अशी तरतूद आहे, पण तिचा आधार घेऊन निवडणूक लांबवता येत नाही. रिकाम्या जागेचे नुकसान त्या मतदारसंघाचेच होते. आमदाराचे एक मत राज्याच्या लोकसंख्येनुसार अनेक मतांइतके धरतात; हे मताचे मूल्य काढताना भागाकार निवडून द्यायच्या एकूण जागांनी होतो, हजर सदस्यांनी नाही. त्यामुळे रिकाम्या जागेची मते दुसऱ्या कुणाकडे जात नाहीत, ती त्या वेळेपुरती नाहीशी होतात. २०२२ मध्ये अंधेरी पूर्वची जागा रिकामी होती, महाराष्ट्राची १७५ मते तिथेच कमी झाली. आपल्याकडे भारत भालके यांच्या निधनानंतर पंढरपूरची जागा नोव्हेंबर २०२० पासून मे २०२१ पर्यंत रिकामी होती. ते राष्ट्रपती निवडणुकीचे वर्ष असते तर या जिल्ह्याचा एक वाटा गेला असता. २०२७ च्या पहिल्या सहामाहीत राज्यात कुठे जागा रिकामी झाली तर पोटनिवडणूक जूनअखेर उरकावी, असा आग्रह सभागृहात धरा.

१७५ हा आकडा कसा येतो? १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ होती. तिला २८८ ने भागले, मग हजाराने भागले की १७५ येतात. (बाकी ५०० किंवा त्याहून अधिक उरली तर एक मिळवतात.) उत्तर प्रदेशच्या आमदाराचे मूल्य २०८, सिक्कीमच्या आमदाराचे ७. सगळ्या आमदारांच्या मतांची बेरीज निवडून आलेल्या ७७६ खासदारांत वाटली की खासदाराचे मूल्य मिळते. २०१७ ला ते ७०८ होते, २०२२ ला जम्मू-काश्मीरची विधानसभा नसल्याने ७०० झाले. २०११ ची लोकसंख्या धरली असती तर आपले प्रत्येकाचे मत ३९० चे झाले असते. पण कुटुंबनियोजन करणाऱ्या राज्यांचे वजन घटू नये म्हणून १९७६ च्या घटनादुरुस्तीने १९७१ चे आकडे गोठवले, आणि पुढच्या दुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत तेच चालू ठेवले.

अकरा गुणिले १७५ म्हणजे १,९२५. साडेदहा लाखांवरच्या एकूण मूल्यात हे कुठे दिसणार, असे वाटू शकते. या निवडणुकीत मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो, हे ध्यानात ठेवून १९६९ ची मोजणी पाहा. वैध मतांचे एकूण मूल्य ८,३६,३३७, त्याच्या निम्म्यात एक मिळवून जिंकण्याचा कोटा ४,१८,१६९. पहिल्या पसंतीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८ आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख १,१२,७६९. कोणीच कोट्याला पोचले नाही. मग खालून एकेक उमेदवार बाद करत त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली गेली. देशमुखांची मते शेवटी फुटली, त्यांतली बरीच रेड्डींकडे गेली, आणि गिरी ४,२०,०७७ वर थांबले. कोट्याच्या वर फक्त १,९०८. तेव्हा मतांची मूल्ये वेगळी होती, पण तो आकडा आपल्या अकरा जणांच्या आजच्या बेरजेपेक्षा कमी आहे. दुसरी पसंती लिहिण्याचा कंटाळा करू नका, हे सांगायला याहून चांगला दाखला आमच्याकडे नाही.

उमेदवारी अर्जावर सही मागायला लोक आपल्याकडे येतील. ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात, अनामत १५,००० रुपये. १९६७ मध्ये १७ उमेदवार उभे होते आणि त्यांतल्या नऊ जणांना एकही मत पडले नाही. तेव्हापासून या अटी कडक होत गेल्या. सूचक म्हणून असो वा अनुमोदक म्हणून, आपली सही एकाच अर्जावर चालते. दोन अर्जांवर केलीत तर जो आधी दाखल होईल त्यावरची धरतात, दुसरीकडची फुकट जाते आणि त्या अर्जात एक सही कमी पडू शकते. सही करण्यापूर्वी उमेदवाराच्या मतदार यादीतील नोंदीची प्रमाणित प्रत अर्जाला जोडली आहे ना, तेही बघा.

आता प्रत्यक्ष मतदान. आमदाराची मतपत्रिका गुलाबी, खासदाराची हिरवी. कागदावर दोनच रकाने : डावीकडे उमेदवारांची नावे, उजवीकडे पसंतीक्रम. चिन्ह नाही, बटण नाही, फुली किंवा शिक्का नाही. पसंतीक्रम असल्याने मतदान यंत्र इथे वापरत नाहीत. स्वतःचे पेन बाहेर ठेवायचे. आत जांभळ्या शाईचे पेन देतात आणि त्यानेच लिहायचे. दुसऱ्या पेनने लिहिलेले मत मोजणीत बाद होते. हरियाणात २०१६ च्या राज्यसभा निवडणुकीत शाईवरून वाद झाला, त्यानंतर २०१७ पासून हे पेन आले. ज्यांना पहिले मत द्यायचे त्यांच्या नावासमोर १ लिहा, मग २, ३. आकडा मराठी, इंग्रजी किंवा रोमन कसाही चालतो, पण 'एक' असे अक्षरात लिहायचे नाही. १ कुठेच नसेल, दोन नावांसमोर असेल, दोन नावांच्या मधल्या रेषेवर पडला असेल, किंवा एकाच नावासमोर १ बरोबर दुसरा आकडाही असेल, तर मत बाद. सही, आद्याक्षर, 'जय महाराष्ट्र', बरोबरची खूण, मतदार ओळखू येईल असे काहीही लिहिले की मत बाद. सही करण्याची सवय लागलेला हात इथे घात करतो. चुकून गिरवले तर खोडू नका. कागद पेटीत टाकण्याआधी मतदान अधिकाऱ्याकडे परत द्या आणि नवा मागा.

हे मत गुप्त आहे. राज्यसभेसारखे पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवून टाकायचे नाही. राष्ट्रपती निवडणुकीत पक्षाला व्हिप काढता येत नाही, आणि वेगळे मत दिले म्हणून पक्षांतरबंदीची कारवाई होत नाही. २००७ मध्ये शिवसेना एनडीएत असूनही प्रतिभाताई पाटील यांच्या मागे उभी राहिली, ते कायद्याने पूर्णपणे मोकळे होते. आपण कोणाला मत द्यावे हे या पत्रात सांगणार नाही. विचार करून द्या आणि शाबूत राहील असे द्या, एवढे मात्र मागतो.

उपराष्ट्रपतिपदाची निवडणूक याहून वेगळी, आणि आपल्या शहरात या दोन्हींची गल्लत नेहमी होते. २००२ मध्ये सुशीलकुमार शिंदे उपराष्ट्रपतिपदाला उभे होते. भैरोसिंह शेखावत यांना ४५४ आणि त्यांना ३०५ मते मिळाली. त्या निवडणुकीत आमदारांना मत नसते. संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सदस्य, नामनिर्देशित धरून, मत देतात आणि प्रत्येकाचे मत एकच असते. राष्ट्रपतिपदात नामनिर्देशित सदस्यांना आणि विधान परिषदेच्या सदस्यांना मत नाही.

शेवटची विनंती शाळांसाठी. २५ जुलैला रविवार असल्याने शपथविधी मुलांना वर्गात दाखवता येणार नाही. म्हणून जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर प्रत्येक मतदारसंघातल्या निदान एका माध्यमिक शाळेत आपण एक तास द्यावा आणि मुलांकडून हे मतदान करून घ्यावे. मतपत्रिका गुलाबी कागदावर छापा. वर्गातल्या काही मुलांना महाराष्ट्राचे आमदार करा, काहींना सिक्कीमचे, काहींना खासदार, आणि मूल्यांचा गुणाकार फळ्यावर त्यांच्याकडूनच करून घ्या. उमेदवार तीन ठेवा. दोनच ठेवले तर पहिल्या फेरीत निकाल लागतो आणि दुसऱ्या पसंतीचे काम मुलांना दिसत नाही. बाद मतपत्रिका बाजूला काढून प्रत्येक का बाद झाली ते मुलांनाच सांगू द्या. कागद, मतपेटी आणि मोजणीचे तक्ते आम्ही तयार करून देऊ. शाळेचे नाव आणि दिवस मेअखेर कळवावा.

आपले,
सोलापुरातील राज्यशास्त्राचे अध्यापक आणि निवडणूक कामातले निवृत्त कर्मचारी